कॅन्सर 'मुळासकट' बरा करण्याचा दावा मोबाइलवर आला, तर तो कसा तपासावा

कॅन्सरवरच्या हमखास उपायाचा व्हिडिओ गावातल्या गटावर येतो, तेव्हा बहुतेक घरांत गोष्टी एकाच क्रमाने घडतात. आधी औषध मागवले जाते, मग ते पंधरा-वीस दिवस घेऊन पाहिले जाते, त्यानंतर ओळखीच्या कुणाला तरी 'याचा खरेच गुण येतो का' असे विचारले जाते, आणि डॉक्टरांना मात्र बहुधा सांगितलेच जात नाही. हा क्रम उलटा आहे. शिवाय प्रश्नही चुकीचा विचारला जातो. 'ही वनस्पती चांगली की वाईट' एवढेच शोधायला बसले, तर हळद, कडुनिंब, गुळवेल यांच्याबद्दल उत्तर नेहमी 'चांगली' असेच मिळते. विचारायचे असते ते असे: कोणाचा, कोणता कॅन्सर, कशाने निदान झालेला, दुसरे कोणते उपचार चालू असताना आणि किती काळासाठी बरा झाला?

पुढचे सगळे टप्पे या एकाच प्रश्नाचे भाग आहेत आणि ते दिलेल्या क्रमानेच करावेत. पहिल्या पाच टप्प्यांना औषधाचा एकही थेंब विकत घ्यावा लागत नाही.

तयारी: फाईल, तारीख आणि एक जबाबदार माणूस

सर्वप्रथम रुग्णाची फाईल समोर घ्यावी आणि त्यातून बायोप्सीचा, म्हणजे तुकड्याच्या तपासणीचा, अहवाल वेगळा काढावा. खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचे मिश्रण, खाणाऱ्या माणसाच्या गालाच्या आतल्या जखमेचा अहवाल बहुधा 'स्क्वॅमस सेल कार्सिनोमा' असा असतो. स्तनाच्या गाठीच्या अहवालात कार्सिनोमाच्या प्रकाराबरोबर ईआर, पीआर आणि हर-टू अशा तपासण्यांचे निकाल येतात. हे शब्द कळले नाहीत तरी चालते. ते वहीत जसेच्या तसे उतरवून घ्यावेत आणि त्याखाली कोणता अवयव, कितवी स्टेज, आतापर्यंत काय उपचार झाले आणि पुढची तारीख कोणती, हे लिहावे. हे एक पान पुढे प्रत्येक टप्प्यात लागते.

घरातली एकच व्यक्ती या कामाला नेमावी. मुलगा एक व्हिडिओ पाहतो, जावई दुसऱ्या बाबांचा पत्ता आणतो आणि मावशी तिसरेच चूर्ण पाठवते, अशी स्थिती झाली की रुग्णाच्या पोटात काय काय गेले याचा हिशेब कुणाकडेच राहत नाही.

सावधान: पडताळणी चालू आहे म्हणून दवाखान्याची एकही तारीख मोडू नये. तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरला रेडिएशन, म्हणजे शेक, साधारण सहा ते सात आठवडे, आठवड्यातून पाच दिवस द्यावा लागतो, आणि मध्ये खंड पडला तर रोग आटोक्यात राहण्याची शक्यता कमी होते. कापूस वेचणीच्या दिवसांत नागपूरला मुक्काम करणे किती अवघड आहे हे मान्य केले, तरी शरीरातला रोग वेचणी उरकेपर्यंत थांबत नाही.

बायोप्सीच झालेली नसेल, तर इथेच थांबावे. 'तुकडा काढला की कॅन्सर पसरतो' या भीतीने अनेक जण ती टाळतात. डॉक्टर बायोप्सी करतात ती रोग आहे की नाही आणि असल्यास कोणता हे कळावे म्हणून. तिच्यामुळे निदान आणि उपचार यांना जे वळण मिळते, त्याच्या तुलनेत पसरण्याचा धोका अगदी नगण्य असतो. बायोप्सीशिवाय कोणत्याही दाव्याची पडताळणी करण्यात अर्थ नाही, कारण रोग कोणता हेच ठरलेले नसते.

टप्पा १: दावा एका वाक्यात लिहून काढा

व्हिडिओ वीस मिनिटांचा असतो आणि त्यात गोमातेपासून रसायनांच्या शेतीपर्यंत सगळे येते. त्यातल्या बऱ्याच गोष्टी खऱ्याही असतात. मान डोलावता डोलावता मूळ दावा तसाच गळी उतरतो. म्हणून व्हिडिओ थांबवून वहीत एकच वाक्य पूर्ण करावे: 'अमुक पदार्थ, अमुक मात्रेत, अमुक दिवस घेतल्यास, अमुक अवयवाचा, अमुक स्टेजचा कॅन्सर बरा होतो, असे अमुक व्यक्ती म्हणते.'

बहुतेक दावे इथेच लंगडतात. 'कोणताही कॅन्सर, कोणतीही स्टेज, २१ दिवस' असे वाक्य तयार झाले, तर ते स्वतःच धोक्याची खूण आहे. कॅन्सर हे शंभराहून अधिक आजारांच्या गटाचे नाव आहे. रक्ताच्या कॅन्सरवर चालणारे औषध जिभेच्या कॅन्सरवर चालेलच असे नसते, आणि एकाच स्तनाच्या कॅन्सरमध्येही ईआर, पीआर, हर-टू यांच्या निकालांप्रमाणे औषधे बदलतात. सर्वांवर सारखेच चालणारे औषध आजवर कुठल्याही पॅथीत सिद्ध झालेले नाही.

तपासा: वाक्यातला अवयव आणि स्टेज तुमच्या वहीतल्या पानाशी जुळतात का? जुळत नसतील, तर दावा खरा निघाला तरी तो तुमच्या रुग्णासाठी नाही.

टप्पा २: दावा कुठून निघाला ते शोधा

ज्याने फॉरवर्ड केले त्याला 'हे तुम्हाला कुठून आले' असे विचारण्यात फारसा अर्थ नसतो, कारण त्यालाही तो फॉरवर्डच आलेला असतो. संदेशातले एखादे विचित्र, सहज न आढळणारे वाक्य जसेच्या तसे उचलून गुगलवर टाकावे आणि त्यापुढे 'फॅक्ट चेक' हे शब्द जोडावेत. छायाचित्र असेल तर गुगल लेन्सने ते आणखी कुठे आणि किती जुने आहे ते पाहावे. 'बरी झालेली महिला' म्हणून दाखवलेला फोटो वेगळ्याच देशातल्या जुन्या बातमीतला निघणे ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही.

संदेशात मोठ्या डॉक्टरचे किंवा रुग्णालयाचे नाव असेल तर विश्वास वाढवू नये. उलट अधिक काळजीने पाहावे. २०१९ मध्ये 'नारळाचे गरम पाणी कॅन्सरच्या पेशी मारते' असा संदेश मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचे तेव्हाचे संचालक डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नावाने फिरला आणि त्यांनी असे काहीही म्हटलेले नाही, असा खुलासा रुग्णालयाला करावा लागला. तो संदेश अजूनही फळे बदलून फिरत असतो. आता तर नामवंत डॉक्टरांचा चेहरा आणि आवाज संगणकावर तयार करून औषध विकणारे व्हिडिओ येतात, त्यामुळे 'मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले' हा पुरावा राहिलेला नाही. ती गोष्ट त्या रुग्णालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर आहे का, एवढेच पाहावे.

व्हिडिओतला माणूस स्वतःला डॉक्टर म्हणवत असेल, तर त्याचा नोंदणी क्रमांक विचारावा. ॲलोपॅथीच्या डॉक्टरांची नोंद महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे असते आणि आयुर्वेदाच्या वैद्यांची महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे. खरा वैद्य हा प्रश्न विचारल्याने रागावत नाही.

टप्पा ३: 'बरा झालेल्या' माणसाची गोष्ट उलगडा

हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि नेमका हाच वगळला जातो. आपल्याकडे कागदापेक्षा माणसाच्या शब्दावर विश्वास अधिक असतो, आणि ती वाईट सवय आहे असे मी म्हणणार नाही. मात्र तो शब्द पूर्ण ऐकून घ्यावा लागतो. 'अमक्या गावचे काकाजी बरे झाले' असे कुणी सांगितले, तर त्या काकाजींचा फोन क्रमांक मागावा आणि शक्य असेल तर भेटायलाच जावे. बोलणे नम्रपणे, पण नेमके असावे:

'काकाजी, तुमच्या गाठीचा तुकडा कुठे तपासला होता? तो रिपोर्ट मला पाहता येईल का?'
'ऑपरेशन झाले होते का? शेक किंवा सलाइनमधून औषध घेतले होते का?'
'हे औषध त्याच्या आधी घेतले, सोबत घेतले की नंतर?'
'त्याला आता किती दिवस झाले? त्यानंतर पुन्हा स्कॅन केला का?'

या चार प्रश्नांची उत्तरे ऐकली की गोष्टीचे खरे रूप दिसू लागते. बऱ्याचदा बायोप्सी झालेलीच नसते. मानेतली गाठ क्षयाची असते, स्तनातली गाठ साधी असते, आणि 'कॅन्सरच आहे' हे औषध देणाऱ्यानेच सांगितलेले असते. कित्येकदा ऑपरेशन होऊन गाठ पूर्ण निघालेली असते आणि त्यानंतर घेतलेल्या काढ्याला श्रेय मिळते. काही वेळा केमोथेरपी चालू असतानाच चूर्ण घेतलेले असते. आणि काही वेळा, हे ऐकणे कठीण जाते, व्हिडिओ केल्यानंतर काही महिन्यांत तो माणूस गेलेला असतो. व्हिडिओ मात्र फिरतच राहतो. औषध घेऊनही जे वाचले नाहीत, त्यांचा व्हिडिओ कुणी करत नाही.

याचे ठळक सार्वजनिक उदाहरण नोव्हेंबर २०२४ मधले आहे. माजी क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू यांनी पत्नीचा चौथ्या स्टेजचा कॅन्सर बरा होण्याचे श्रेय लिंबूपाणी, कच्ची हळद, कडुनिंब आणि आहारातल्या बदलांना दिले. त्यावर टाटा मेमोरियलच्या २६२ आजी-माजी कर्करोगतज्ज्ञांनी एकत्र निवेदन काढून, या पदार्थांनी कॅन्सर बरा होतो याला पुरेसा पुरावा नाही आणि उपचार लांबवू नयेत, असे सांगितले. त्यांच्या पत्नीवर शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी झालेली होती, आणि हा आहार डॉक्टरांशी बोलूनच पाळला होता, असे सिद्धू यांनी पुढे स्वतः स्पष्ट केले. पहिली क्लिप जितक्या गटांवर गेली, तितक्या गटांवर दुसरी पोहोचली नाही.

सावधान: 'पहिल्याच आठवड्यात भूक लागली, अंगात तरतरी आली' हा गुण आल्याचा पुरावा मानू नये. नाव नसलेल्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेले आढळण्याचे प्रकार घडतात. स्टेरॉइडने भूक वाढते, सूज आणि वेदना काही दिवस कमी होतात, चेहरा भरल्यासारखा दिसतो. गाठ मात्र वाढत राहते.

टप्पा ४: 'संशोधनाने सिद्ध झाले आहे' या वाक्यापाशी थांबा

संशोधनाच्या पायऱ्या असतात. काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर पदार्थ टाकून पाहणे ही पहिली पायरी. त्यानंतर उंदरांवर प्रयोग होतात. मग थोड्या माणसांवर मात्रा आणि सुरक्षितता पाहिली जाते आणि शेवटी शेकडो रुग्णांचे दोन गट करून तुलना होते. बशीतल्या पेशी मीठ, दारू, ब्लीचिंग पावडर अशा कशानेही मरतात, म्हणून पहिल्या पायरीवरच्या यशाचा अर्थ माणूस बरा होतो असा होत नाही. मोबाइलवरचे दावे जवळपास नेहमी पहिल्या पायरीवरचे असतात आणि ते शेवटच्या पायरीच्या थाटात सांगितले जातात.

लक्ष्मणफळाचे उदाहरण घ्या. ते 'केमोथेरपीपेक्षा दहा हजार पट प्रभावी' असल्याचे वाक्य बशीतल्या पेशींवरच्या प्रयोगातून उचललेले आहे. माणसांमध्ये कॅन्सर बरा झाल्याचे सिद्ध झालेले नाही. उलट या फळात आणि पानांत ॲनोनासिन नावाचे द्रव्य असते, जे चेतापेशींना घातक आहे. कॅरिबियनमधल्या ग्वादलूप बेटावर या कुळातल्या फळांचा आणि पानांच्या काढ्यांचा नियमित वापर आणि कंपवातासारखा आजार यांचा संबंध संशोधकांनी नोंदवला आहे.

जर्दाळूच्या बियांचा, म्हणजे तथाकथित 'व्हिटॅमिन बी-१७' चा, दावा तर माणसांवर तपासूनही झाला आहे. अमेरिकेत १७८ रुग्णांना हे द्रव्य देऊन पाहिले गेले आणि त्याचा निष्कर्ष १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला: कुणीही बरे झाले नाही, आणि काही रुग्णांमध्ये सायनाइडच्या विषबाधेची लक्षणे दिसली किंवा रक्तातले सायनाइडचे प्रमाण जीवघेण्या पातळीजवळ गेले. मुळात ते व्हिटॅमिनच नाही.

इथे एक प्रामाणिक शंका येते. कॅन्सरची खरी औषधेही वनस्पतींतूनच आली आहेत ना? होय, आली आहेत. विदर्भातल्या जवळपास प्रत्येक अंगणात असलेल्या सदाफुलीपासून व्हिनक्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन ही औषधे मिळाली आणि लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये व्हिनक्रिस्टिन आजही वापरले जाते. पण एक ग्रॅम औषधासाठी शेकडो किलो वाळलेली पाने लागतात, रुग्णाला ते एका वेळी फार तर दोन मिलिग्रॅमपर्यंत, थेट शिरेतून, रक्ततपासण्या पाहून दिले जाते, आणि मात्रा चुकली तर ते जीव घेते. पाने चावून यातले काहीही साधत नाही. पोटात विष मात्र जाते. वनस्पतीत औषध असणे आणि वनस्पती हेच औषध असणे यांतले अंतर या एका झाडाने स्पष्ट होते.

'कॅन्सरला आम्लधर्मी रक्त लागते, म्हणून सोडा प्या' हाही नेहमीचा दावा. रक्ताचा पीएच, म्हणजे आम्लतेचे माप, फुप्फुसे आणि मूत्रपिंडे मिळून ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात राखतात. लिंबू किंवा सोडा घेऊन तो बदलत नाही, आणि सोड्याचा अतिरेक केला तर हृदय आणि मूत्रपिंडे अडचणीत येतात.

स्वतः शोधायचे असेल तर भारतातल्या क्लिनिकल चाचण्यांची सीटीआरआय ही नोंदवही इंटरनेटवर खुली आहे. २००९ पासून चाचणी नोंदवणे बंधनकारक आहे. औषधाचे नाव टाकून चाचणी आहे का, ती पूर्ण झाली का आणि निष्कर्ष प्रसिद्ध झाला का, हे पाहावे. 'नोंदणीकृत चाचणी' हे शब्द बाटलीवर मिरवले जातात. त्यांचा अर्थ चाचणी नोंदवली एवढाच असतो, औषध लागू पडले असा नसतो.

तपासा: इंग्रजी वाचण्याची अडचण असेल, तर गावातल्या किंवा तालुक्याच्या महाविद्यालयातल्या विज्ञान शिक्षकाला नेमके दोनच प्रश्न विचारावेत: हा प्रयोग माणसांवर झाला का, आणि तुलनेसाठी दुसरा गट होता का?

टप्पा ५: अटी, पैसे आणि बाटली पाहा

आधी अटी ऐकाव्यात. 'ॲलोपॅथी पूर्ण बंद केली तरच गुण येईल' ही अट ऐकू आली, की पुढे काहीही तपासण्याची गरज उरत नाही. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, कॅन्सर शरीरभर पसरलेला नसतानाही फक्त पर्यायी उपचार निवडलेल्या रुग्णांमध्ये मृत्यूचा धोका नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या अडीचपट आढळला. स्तनाच्या कॅन्सरमध्ये तो पाचपटींहून अधिक होता. म्हणजे ज्यांच्या वाचण्याची शक्यता चांगली होती, त्यांचेच सर्वांत मोठे नुकसान झाले. अट न पाळल्याने गुण आला नाही, असे म्हणायला विक्रेत्याला मात्र वाट मोकळी राहते.

आता बाटली किंवा पुडी हातात घ्यावी. कापसाचे बियाणे घेताना आपला शेतकरी पाकिटावरचा लॉट नंबर पाहतो, पक्के बिल मागतो आणि बियाणे बोगस निघाले तर कृषी कार्यालयात तक्रार करतो. औषधाच्या बाबतीत तोच माणूस साध्या प्लास्टिकच्या बाटलीवर समाधान मानतो. मी पाहिलेल्या एका पुडीवर पेनाने 'सकाळ' आणि 'संध्याकाळ' एवढेच लिहिलेले होते आणि पुडी कशात बांधली होती, तर एका जुन्या कॅलेंडरच्या तुकड्यात. बाटलीवर घटकद्रव्ये, उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि वापराची अंतिम तारीख असायलाच हवी. यातले एक जरी नसेल तरी औषध परत करावे. हे सर्व असेल, तरीही लक्षात ठेवावे की आयुर्वेदिक उत्पादनाचा परवाना हा ते बनवण्याचा परवाना असतो. त्याने कॅन्सर बरा होतो, असे सरकारने म्हटलेले नसते.

औषधे आणि चमत्कारिक उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ या कायद्याच्या अनुसूचीत कॅन्सरचे नाव आहे, म्हणजे कॅन्सर बरा करण्याचा दावा करणारी औषधाची जाहिरात करणे हाच गुन्हा ठरतो. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. 'हमखास' असे छापणाऱ्याला हा कायदा ठाऊक असतो. म्हणूनच खरा दावा बहुधा फोनवर केला जातो आणि कागदावर 'प्रतिकारशक्तीसाठी' असे लिहिले जाते.

सावधान: आगाऊ रक्कम, 'आज घेतल्यास सूट', बिल न देता खासगी मोबाइल क्रमांकावर पैसे मागणे, 'कुणाला सांगू नका' अशी ताकीद: यातले काहीही आढळले तर व्यवहार तिथेच थांबवावा.

टप्पा ६: डॉक्टरांसमोर ठेवा

इथवर दावा टिकला, किंवा तो टिकला नसला तरी घरच्यांचे मन मानत नसेल, तर तो डॉक्टरांकडे न्यावा. लोक हा टप्पा टाळतात, कारण डॉक्टर ओरडतील अशी भीती असते आणि ती निराधार आहे असे नाही. दूरवरून एसटीने आलेल्या माणसाला ओपीडीत दोन मिनिटे मिळतात, तर व्हिडिओतला बाबा वीस मिनिटे मायेने बोलतो; या दाव्यांचे निम्मे बळ तिथूनच येते, असे माझे मत आहे. म्हणून त्या दोन मिनिटांची तयारी करून जावे. बाटली सोबत न्यावी, व्हिडिओ दाखवत बसू नये, आणि चिठ्ठीवर लिहून नेलेले तीन प्रश्न विचारावेत: हे चालू औषधांच्या आड येईल का? ऑपरेशनआधी किती दिवस बंद करावे? रुग्णाच्या यकृताची आणि किडनीची आताची तपासणी पाहता हे चालेल का?

या प्रश्नांमागे कारणे आहेत. लसूण आणि हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल मोठ्या मात्रेत घेतल्या तर रक्त गोठण्याची प्रक्रिया मंदावू शकते. काही चूर्णांमुळे यकृतावर ताण येतो आणि मग केमोचा डोस पुढे ढकलावा लागतो. पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असताना न शिजवलेल्या पानांचा किंवा गव्हांकुरांचा रस संसर्गाला आमंत्रण ठरू शकतो. रोजच्या भाजीतल्या चिमूटभर हळदीने यातले काही होत नाही, हेही सांगायला हवे, नाहीतर घाबरलेल्या घरात फोडणीसुद्धा बंद होते.

डॉक्टरांशी सूर जुळत नसेल, तर बाबाकडे जाण्याऐवजी दुसऱ्या कर्करोगतज्ज्ञाचे मत घ्यावे. नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कॅन्सर रुग्णालय, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय म्हणजे 'मेडिकल', मिहानमधले एम्स आणि जामठ्याचे नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे. वर्ध्याजवळ सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आहे. खर्चामुळे पाऊल अडत असेल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात आणि १५५३८८ या क्रमांकावर माहिती मिळते. प्रवासासाठी रेल्वेत कॅन्सर रुग्णाला आणि सोबत्याला भाड्यात सवलत असते. तिचा विहित नमुन्यातला दाखला रुग्णालयातूनच भरून घ्यावा.

'आता घरी घेऊन जा' असे डॉक्टर म्हणतात, त्या दिवशी घर सर्वांत दुबळे असते आणि नेमके त्याच दिवशी पत्ते येऊ लागतात. त्या वेळी 'मग आता वेदनांसाठी काय?' हा प्रश्न डॉक्टरांना नक्की विचारावा. रोग बरा करणारे उपचार संपले तरी वेदना, श्वास, झोप आणि जखमेची दुर्गंधी यांवरचे उपचार शिल्लक असतात. त्यांना पॅलिएटिव्ह केअर म्हणतात, आणि मॉर्फिनच्या गोळ्या त्यात रीतसर दिल्या जातात. शेती गहाण ठेवून पन्नास हजारांचा काढा आणण्यापेक्षा ही चौकशी आधी करावी.

टप्पा ७: घरात आणि गटात सांगा

औषध आणणारा बहुधा प्रेमापोटीच आणतो. चारचौघांत त्याला मूर्ख ठरवले, तर तो पुढचे औषध लपवून देतो. 'मामाजी, तुम्ही एवढ्या लांबून आणले, मी डॉक्टरांना दाखवतो आणि मग ठरवू' एवढे म्हणून बाटली स्वतःच्या ताब्यात घ्यावी. रुग्णाशी त्याच्यासमोर बोलावे, त्याच्या पाठीमागे निर्णय घेऊ नये. औषध त्याच्या शरीरात जायचे असते.

गटावर लांब वाद घालू नये. एकच संदेश पुरे: दावा काय होता, तपासल्यावर काय आढळले आणि शंका असल्यास आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारावे. खोटा व्हिडिओ 'हे खोटे आहे' असे लिहूनही पुन्हा पाठवू नये, कारण पुढच्या गटात तुमचे वाक्य गळते आणि व्हिडिओ तेवढा जातो. जाहिरातीविरुद्ध तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी करावी आणि सोबत स्क्रीनशॉट, फोन क्रमांक व तारीख जोडावी. ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर त्याच दिवशी कळवावे. उशीर झाला की रक्कम थोपवण्याची शक्यता कमी होते.

औषध आधीच सुरू झाले असेल तर

उरलेले औषध फेकून देऊ नये. ते, त्याची बाटली आणि पैसे दिल्याचा पुरावा जपून ठेवावा. केव्हा सुरू केले, दिवसाला किती घेतले आणि शेवटचे केव्हा घेतले हे वहीत लिहावे. अनेक आठवडे घेतलेली अनोळखी पुडी मनाने एकदम बंद करू नये. तिच्यात स्टेरॉइड असेल, तर अचानक थांबवल्याने रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकतो, म्हणून त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांना गाठावे. डोळे पिवळे होणे, लघवी कमी होणे, काळी शी, सतत उलट्या किंवा भान हरपणे यांपैकी काही दिसले, तर ओपीडीची वाट न पाहता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. दवाखान्यात गेल्यावर पहिल्याच वाक्यात 'बाहेरचे औषध चालू होते' हे सांगावे आणि बाटली टेबलावर ठेवावी, म्हणजे रक्ताच्या कोणत्या तपासण्या करायच्या हे डॉक्टरांना लगेच ठरवता येते.